बावखलांचं देणं

बायबलमधलं 65वं स्तोत्र पावसाचे आभार मानतं. भिजलेले चर, मऊ झालेली ढेकळं, कणसांनी भरलेली शेतं, हे सगळं त्यात आहे. वसईच्या वाडीत वाढलेल्या बाईला ते कुणी समजावून द्यावं लागत नाही. मला मात्र त्याचा आरंभ जास्त महत्त्वाचा वाटतो. तिथे स्तुतीसोबतच नवस फेडण्याची गोष्ट येते.

आमच्याकडे संध्याकाळची रोझरी झाली की आजी दिवसाचे आभार मानायची, तेही नावानिशी. केळीला पाणी पुरलं, गाय सुखरूप व्याली, दादरला गेलेली फुलं खपली. पाण्याचं नाव कधी सुटायचं नाही, कारण ते येतं कुठून हे तिला रोज दिसायचं. वाडीच्या कडेच्या बावखलात, म्हणजे गोड्या पाण्याच्या तळ्यात, पावसाळा साठायचा, तो जमिनीत मुरायचा, आणि समुद्र हाकेवर असूनही विहिरीचं पाणी गोड राहायचं. मे महिन्यातही रहाट फिरायचा तो त्या साठ्यावर.

आज किती बावखलांवर इमारती उभ्या आहेत! जुलै 2018 मध्ये वसई-विरार पाण्यात बुडालं, लोकल बंद पडल्या. पाण्याच्या जागा आपण भराव टाकून बुजवल्या होत्या. पाणी जाणार कुठे? आणि उन्हाळ्यात त्याच वस्त्यांत टँकर फिरतात. देवळात पाण्यासाठी देवाचे आभार मानायचे आणि घरी येऊन बावखलाचा सौदा करायचा, अशी प्रार्थना मला अपुरी वाटते.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं आणि हरित वसईसाठी लढाही दिला. 2024 मध्ये ते गेले. त्यांची ही दोन कामं वेगळी नव्हती, असं मी मानते.

बावखलं भावकीत वाटली गेलीत, जागेला सोन्याचा भाव आहे, हे मला ठाऊक आहे. विकणाऱ्याच्या घरातही आजारपण असतं, मुलांची शिक्षणं असतात. म्हणून बावखल राखण्याचं ओझं एकट्या कुटुंबावर टाकू नये. ईस्टरआधीचा उपवासकाळ येतो तेव्हा पाणी उतरू लागलेलं असतं, गाळ हाताला लागतो. त्या आठवड्यांत प्रत्येक धर्मग्रामाने (पॅरिशने) गावातलं एक बावखल उपसावं, गाळ वाड्यांना द्यावा. शेजारच्या हिंदू, मुस्लिम, आदिवासी घरांनाही बोलवावं. पाणी त्यांच्याही विहिरीत उतरतं.