विश्लेषण : ई-मेल कंपनी बदलता येते, पण पत्त्याचे काय?

केंद्र सरकारच्या १२ लाखांहून अधिक कर्मचाऱ्यांचे ई-मेल ‘झोहो’ या चेन्नईच्या कंपनीच्या यंत्रणेवर गेल्याचे ऑक्टोबर २०२५ मध्ये समोर आले. त्याच महिन्यात ८ तारखेला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी आपणही झोहो मेलवर आल्याचे ‘एक्स’वर सांगितले. तेव्हापासून जीमेल सोडावे का, हा प्रश्न अनेकांच्या मनात आहे. या दोन स्थलांतरांत एक मोठा फरक होता आणि चर्चेत तो हरवला. कर्मचाऱ्यांचे पत्ते जुनेच राहिले, फक्त मागची कंपनी बदलली. गृहमंत्र्यांना मात्र नवा पत्ता जाहीर करून तो नोंदवून घ्या, असे लोकांना सांगावे लागले.

असे का झाले?

ई-मेल पत्त्यात ‘अॅट द रेट’ चिन्हानंतर जे येते ते डोमेन. ‘जीओव्ही डॉट इन’ हे डोमेन सरकारचे आहे. त्यावर येणारी पत्रे कोणत्या कंपनीच्या संगणकावर उतरवायची, हे सरकार ठरवते आणि उद्या ते बदलूही शकते. ‘जीमेल डॉट कॉम’ हे डोमेन गूगलचे. त्यावर आपले नाव असले तरी आपण भाडेकरू आहोत. घर सोडले की दारावरची पाटी तिथेच राहते.

मोबाइलबाबत हा प्रश्न देशभर २० जानेवारी २०११ रोजी सुटला. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय आली, कारण नंबर हे सरकारने वाटून दिलेले असतात. ई-मेलसाठी अशी सोय नाही आणि खासगी डोमेनवर ती येण्याची शक्यताही दिसत नाही. त्यामुळे जीमेल सोडून झोहोच्याच डोमेनवर पत्ता घेणे म्हणजे एका मालकाची खोली सोडून दुसऱ्याची घेणे. मालक देशी असेल, पण खोली भाड्याचीच.

नायरा प्रकरणाने काय दाखवले?

मुंबईत मुख्यालय असलेल्या नायरा एनर्जीचा तेलशुद्धीकरण कारखाना गुजरातमध्ये वाडीनारला आहे. तिच्यात रशियाच्या रोसनेफ्टचा मोठा हिस्सा असल्याने युरोपीय संघाने १८ जुलै २०२५ रोजी निर्बंध घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने सेवा थांबवली आणि कर्मचाऱ्यांचे ई-मेल बंद पडले. भारतातली कंपनी, पैसे भरलेली सेवा, भारतीय कायद्याचा कोणताही भंग नाही, तरीही कुलूप लागले. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि महिनाअखेरीस सेवा पूर्ववत झाली.

दरम्यान कंपनीने आपले ई-मेल मुंबईच्याच रेडिफकडे हलवले होते. हे इतक्या झटपट करता आले, कारण डोमेन नायराचे स्वतःचे होते. सामान्य माणसाचे खाते असे बंद पडले, तर त्याच्या हाती अर्ज भरून वाट पाहण्यापलीकडे फारसे काही नसते.

श्रीपूरच्या वाचकाशी याचा काय संबंध?

श्रीपूर-माळशिरस पट्ट्यात हे समजावून सांगायला झोनबंदीची आठवण पुरेशी आहे. ज्या कारखान्याच्या हद्दीत रान, त्याच कारखान्याला ऊस. पुढे झोनबंदी उठली. पण सभासदत्व, उचल, तोडणीची टोळी यांची गाठ होतीच. कागदावर मोकळीक असूनही शेतकरी सहजासहजी दुसरीकडे वळत नव्हता. ई-मेलचेही तसेच आहे. जुनी पत्रे बाहेर काढायला गूगलची ‘टेकआउट’ ही सोय २०१३ पासून आहे. खरी गाठ त्या पत्त्याला बांधलेल्या गोष्टींची असते : बँक, प्राप्तिकर, भविष्य निर्वाह निधी, महाडीबीटीची शिष्यवृत्ती, रेल्वेचे तिकीट, मुलांच्या प्रवेश परीक्षांचे अर्ज. त्यात ‘गूगलने लॉगिन करा’ हे बटण दाबून उघडलेली खाती वेगळीच. ती तर पत्ता बदलूनही सुटत नाहीत, प्रत्येक ठिकाणी स्वतंत्र पासवर्ड बनवावा लागतो.

गावोगावी आणखी एक अडचण दिसते. खाते मोबाइल दुकानदाराने किंवा ई-सेवा केंद्रातल्या मुलाने काढून दिलेले असते. पासवर्ड त्याच्या वहीत आणि पुनर्प्राप्तीसाठी दिलेला नंबर कधीच बंद झालेला. अशा वेळी गूगल की झोहो हा वाद गैरलागू ठरतो. आधी ते खाते आपल्या ताब्यात आहे का, हे पाहावे.

देशी म्हणजे खासगी का?

नाही. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जीमेल २००४ मध्ये आले आणि २०१७ पर्यंत गूगलची यंत्रणा जाहिरातींसाठी पत्रांतला मजकूर तपासत होती. ते पुढे थांबवण्यात आले. झोहो जाहिराती दाखवत नाही, ही तिची जमेची बाजू. पण या दोन्ही ठिकाणी पत्रे कुलूपबंद असली तरी किल्ली कंपनीकडेच असते. न्यायालयाने वा तपास यंत्रणेने कायदेशीर मागणी केली तर ती उघडता येतात.

किल्ली वापरकर्त्याकडेच ठेवणाऱ्या सेवा आहेत. स्वित्झर्लंडची प्रोटॉन मेल ही त्यांतली प्रसिद्ध. मात्र एका कंपनीला आलेल्या अश्लील ई-मेलच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने २९ एप्रिल २०२५ रोजी ही सेवा भारतात रोखण्याची कार्यवाही करण्याचे आदेश केंद्राला दिले. शिवाय समोरची व्यक्ती जीमेलवर असेल, तर आपल्या साध्या पत्राची प्रत गूगलकडे पोहोचतेच.

कायदा मदतीला येतो का?

इथे संधी हुकली, असेच म्हणावे लागेल. आपली माहिती उचलून दुसऱ्या कंपनीकडे नेण्याचा हक्क युरोपात २०१८ पासून आहे. आपल्याकडे श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकातही तो होता. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून तो वगळला गेला. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले. माहिती पाहण्याचा, दुरुस्त करण्याचा आणि पुसून टाकण्याचा हक्क त्यात आहे, पण सोबत नेण्याचा नाही.

मग बदलायचे कसे?

दुकान, दूध संकलन केंद्र किंवा छोटी संस्था असेल तर स्वतःचे डोमेन घ्यावे. ‘डॉट इन’ डोमेनला वर्षाला साधारण काही शे रुपये लागतात, मेल सेवेचे पैसे वेगळे. मात्र नूतनीकरण चुकले तर तेच डोमेन दुसरा कुणी घेऊ शकतो आणि आपली पत्रे त्याच्याकडे जाऊ लागतात. नोंदणी दुकानदाराच्या नव्हे, आपल्या नावावर हवी.

घरगुती वापरकर्त्याने घाई करू नये. नवे खाते काढून जुन्याची पत्रे तिकडे वळवावीत. ही सोय जीमेलच्या अॅपमध्ये नाही, संगणकावर जीमेल उघडून करावी लागते. मग बँक आणि प्राप्तिकर आधी, बाकीचे एकेक करून. फोनसाठी गूगल खाते ठेवले तरी बिघडत नाही. जुने खाते मात्र पुसू नये. दोन वर्षे न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकते, म्हणून अधूनमधून ते उघडत राहावे. याहूने २०१३ मध्ये पडून राहिलेले पत्ते नव्या लोकांना दिले, तेव्हा काहींना आधीच्या मालकांची खासगी पत्रे येऊ लागली होती.