आपत्काळातील 'प्रतिनिधी द्रव्य'

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबील ओढ्याला पूर आला. कात्रजच्या बाजूचे पाणी सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी या भागांत शिरले. माणसे दगावली, जनावरे वाहून गेली. बिबवेवाडीतील आमचे चिकित्सालय सुरक्षित राहिले, परंतु सकाळपासून रुग्णांची रीघ लागली. औषधे भिजली होती, चिठ्ठ्याही गेल्या होत्या. मधुमेहाची गोळी कोणती व किती मात्रेची, हे वृद्धांना सांगता येईना. शेजारच्या औषधविक्रेत्याने जुनी बिलबुके काढली आणि तासाभरात बहुतेकांचा उलगडा झाला. आम्हांस हे सुचले नव्हते, हे कबूल करावयास हवे.

अशा कल्पकतेचा नियम भावप्रकाशात आहे. मेदा-महामेदेच्या अभावी शतावरी, काकोली-क्षीरकाकोलीच्या अभावी अश्वगंधा घ्यावी. मात्र प्रतिनिधी द्रव्य योगातील गौण द्रव्यापुरतेच, प्रधान द्रव्यास नव्हे. हा उत्तरार्ध आपण सोयीने विसरतो.

१९७१ साली बांगलादेशी निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा व ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत भरले आणि ते पाजण्याचे काम नातेवाइकांवर सोपविले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेले मृत्यूचे प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आले. सुई, बाटली, परिचारिका यांना प्रतिनिधी मिळाले, लिटरमागे ३.५ ग्रॅम मीठ, २.५ ग्रॅम सोडा व २२ ग्रॅम ग्लुकोज हे माप मात्र काटेकोर पाळले गेले.

पुरानंतर भिजलेले चूर्ण उन्हात वाळवून पुन्हा बरणीत भरावे, अशी सूचनाही आमच्या कानी आली. नुकसान मोठे होते, हे खरे; तरी ते चूर्ण टाकूनच द्यावयास हवे. तसेच पुराच्या पाण्यात वावरलेल्या रुग्णास ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना व डोळ्यांत लाली असल्यास केवळ काढ्यावर थांबू नये. लेप्टोस्पायरोसिसचा संशय धरून त्यास त्वरित रुग्णालयात पाठवावे. तेथे प्रतिजैविक हेच प्रधान द्रव्य होय.

पावसाळ्यापूर्वी प्रत्येक औषधालयाने खालची फळी रिकामी करावी आणि नेहमीच्या रुग्णांच्या औषधांची यादी, त्यांच्या संमतीने, दुसऱ्या उंच जागी ठेवावी. ज्या वैद्यबंधू-भगिनींनी अशी यादी केली असेल, त्यांनी नावे वगळून तिचा नमुना संपादकांकडे धाडावा. इतरांस तो उतरवून घेता येईल.