क्षमायाचना झाली, स्मारक राहिले

बर्लिनमध्ये, ब्रांडेनबुर्ग द्वारालगत, काँक्रीटच्या २,७११ शिला उभ्या आहेत. युरोपातील हत्या झालेल्या ज्यूंचे हे स्मारक. शिलांवर नाव नाही, तारीख नाही. कडेच्या शिला ठेंगण्या. मात्र आत शिरावे तशी जमीन खोल जाते, शिला डोक्यावर उठतात आणि सोबतचा माणूस दिसेनासा होतो. वास्तुरचनाकार पीटर आयझेनमन यांनी शिलांच्या संख्येलाही प्रतीकार्थ दिलेला नाही.

इतके अमूर्त स्मारक केवळ पर्यटनस्थळ होण्याचा धोका असतोच. त्यातून ते वाचते दोन कारणांनी. शिलांखालच्या माहिती केंद्रात बळींची पत्रे आहेत, कुटुंबांच्या हकिकती आहेत. एका दालनात एकेक नाव उच्चारले जाते. दगड मौन पाळू शकतात, कारण खाली नोंद बोलते. दुसरे असे, की नागरिकांच्या मागणीनंतर आणि दीर्घ वादानंतर स्मारकाचा निर्णय १९९९ मध्ये खुद्द जर्मन संसदेने घेतला.

हे स्मारक मे २००५ मध्ये खुले झाले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचाराबद्दल राज्यसभेत क्षमा मागितली. अधिकृत आकड्यानुसार एकट्या दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली होती. या दोन अत्याचारांची तुलना होऊ शकत नाही, ती करूही नये. प्रश्न आहे तो राज्यसंस्था नंतर काय करते याचा.

दिल्लीत १९८४ च्या बळींची नावे कोरलेली भिंत आहे, संसदेपासून जवळच, गुरुद्वारा रकाबगंजच्या आवारात. परंतु २०१७ मध्ये ती उभारली गुरुद्वारा व्यवस्थापन समितीने, शासनाने नव्हे. परकीय सत्तेच्या गोळ्यांना बळी पडलेल्यांसाठी मात्र संसदेने १९५१ मध्येच जालियनवाला बाग राष्ट्रीय स्मारकाचा कायदा केला होता. परक्याचा गुन्हा आपण राष्ट्रीय स्मृती मानतो. स्वकीयांचा गुन्हा पीडितांच्या समाजाची खासगी बाब ठरतो.

आप्तांनी उभारलेले स्मारक शोक व्यक्त करते. राज्यसंस्थेने उभारलेले कबुली देते. जुन्या जखमा उकरू नयेत, हा युक्तिवाद ज्यांच्या जखमा भरलेल्या नाहीत त्यांना लागू होत नाही. संसदेने ठराव करून असे स्मारक उभारावे आणि चौकशी आयोगांचे अहवाल व साक्षी तेथे नागरिकांसाठी खुल्या ठेवाव्यात. सभागृहात उच्चारलेली क्षमा कामकाजाच्या इतिवृत्तात बंद राहते. तिला राजधानीत एक जागा हवी, जिथे कोणालाही चालत जाता येईल.