गोष्ट कोणाच्या मालकीची?

पाचसहा मित्र टेबलाभोवती बसतात. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतले एकेक पात्र होतात आणि आपले पात्र काय करते ते बोलून सांगतात. जमले की फसले ते फासा ठरवतो. टेबलावरच्या भूमिकाखेळाचे स्वरूप एवढेच. पट नसला तरी चालते, सोंगट्या नसल्या तरी चालते. आमचा असा खेळ कॅन्टीनच्या कोपऱ्यातल्या टेबलावर दर शनिवारी चालतो, आणि ‘अभ्यास सोडून राक्षस कसले मारता?’ हा प्रश्न आम्हांला दोन्ही भाषांत विचारून झालेला आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी हा लेख नाही. माझे भांडण आमच्याच टेबलावरच्या एका मताशी आहे. ते मत असे की, गोष्ट सांगणारा, म्हणजे गेम मास्टर, हाच त्या जगाचा मालक; खेळाडूंनी आपापल्या पात्रापुरते बोलावे.

‘मूळ खेळ असाच आहे,’ असा या मताला आधार दिला जातो. मूळच पाहायचे तर पाहू. सर्वाधिकारी पंच हा प्रकार फौजेतून आला. १८२४ साली प्रशियात राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याचा युद्धखेळ प्रसिद्ध झाला. दोन्ही बाजूंनी आपले हुकूम पंचाकडे द्यायचे. कोणाला काय दिसले, कोणाचे किती पडले, ते पंच सांगणार. फौजेला हे शोभते. पुढे १९६९ साली अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातला एक युद्धखेळ मांडला. ब्राउनस्टाइन नावाच्या काल्पनिक गावात त्याने फौजांखेरीज गावकऱ्यांच्या भूमिकाही वाटल्या. झाले असे की, खेळाडूंनी लढाईची वाटच पाहिली नाही. त्यांनी आपापसांतच कारस्थाने सुरू केली आणि वेस्लीच्या हाती काही उरले नाही. खेळ फसला असे त्याला वाटले. खेळाडूंना मात्र तोच पुन्हा हवा होता. त्या मंडळींत डेव्ह आर्नेसन होता. आर्नेसन आणि गॅरी गायगॅक्स यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली बाजारात आला. तेव्हा मुळाचा हवाला देणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की, गोष्ट पंचाच्या हातून निसटली तिथेच या खेळाचे बी पडले. २०१० साली निघालेल्या व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपॉकलिप्स वर्ल्ड’मध्ये तर गेम मास्टरने खेळाडूंना प्रश्न विचारावेत आणि त्यांच्या उत्तरांवर पुढचे रचावे, असे नियमातच सांगितले आहे. जेसन मॉर्निंगस्टार यांचा २००९ सालचा ‘फियास्को’ गेम मास्टरशिवायच चालतो.

पण मला हे सारे इतिहासासाठी लिहावेसे वाटले नाही. आमच्याकडे या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. नियमांची पुस्तके इंग्रजीत. ज्याचे इंग्रजी चांगले तो गेम मास्टर, हे न ठरवता ठरून जाते. तो पुस्तकातले वर्णन वाचून दाखवतो: बर्फातला किल्ला, सराई, ओकचे रान. मी मराठी माध्यमातला, माझ्या शेजारी बसणारा हुक्केरीकडचा मुलगा कन्नड माध्यमातला. ओकचे झाड आम्ही दोघांनीही पाहिलेले नाही. आम्ही ‘अटॅक’ म्हणायचो, फासा टाकायचो आणि चहा प्यायचो. बोलता येत नाही म्हणून नव्हे. मला गप्प बसवणे किती कठीण आहे ते आमच्या वादविवाद मंडळाला विचारावे. त्या जगात आम्ही बोलावे असे आमचे काही नव्हतेच.

यंदा जूनपासून वर्गातली एक मुलगी गेम मास्टर झाली. दुसऱ्याच शनिवारी तिने हुक्केरीच्या मुलाला विचारले, “नदीच्या पलीकडे काय आहे, ते तू सांग.” तो थोडा थांबला आणि कन्नडमध्ये सांगू लागला. पलीकडे पाण्यात बुडालेले देऊळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरले की आधी शिखर दिसते, मग खांब. (हिडकलच्या धरणातले विठ्ठलाचे देऊळ ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे कुठून आले ते कळेल.) पाणी असते तेव्हा पूजा कोण करतो, असे कोणीतरी विचारले; त्याचेही त्याच्यापाशी उत्तर होते. आधी वर्षभरात बोलला नव्हता तेवढा तो त्या संध्याकाळी बोलला, आणि मराठीत सांगता सांगता माझी धांदल उडाली. तिथल्या गावाचे नाव काय ठेवायचे यावर मात्र वीस मिनिटे गेली. बेळगावात गावाच्या नावावरून वाद व्हायचाच! शेवटी गावाला दोन नावे दिली, नदीअलीकडचे लोक एक म्हणतात, पलीकडचे दुसरे. त्यातूनच पुढच्या शनिवारी पेच निघाला: राजाचे पत्र भलत्या नावाने गेले आणि परत आले.

विरोधी पक्षाचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. खून कोणी केला हे खेळाडूंनीच ठरवायचे, तर शोधायचे काय? शिवाय मोकळीक दिली की मोठ्या तोंडाचा माणूसच सगळी गोष्ट बळकावतो. आमच्यातल्या एकाने संधी मिळताच आपल्या मामाला राजा केले आणि स्वतःला हजार मोहरा देवविल्या.

यावर उपाय मला कॉमर्सच्या पुस्तकात सापडला. भागीदारीच्या १९३२ सालच्या कायद्यातले १२ वे कलम आम्ही परीक्षेसाठी पाठ करतो आणि विसरतो. एरवी करार नसेल, तर रोजच्या कामातला मतभेद बहुमताने मिटवता येतो, पण निर्णयाआधी प्रत्येक भागीदाराला आपले मत मांडायचा हक्क आहे. धंद्याचे स्वरूपच बदलायचे तर मात्र सर्वांची संमती लागते. हेच आम्ही टेबलावर आणले. ज्याने जे निर्माण केले, त्याबद्दल शेवटचा शब्द त्याचा. गेम मास्टरने योजलेली गुपिते तिच्याकडे. मेलेला माणूस परत येऊ शकतो का, अशासारख्या प्रश्नाला सर्वांचा होकार हवा. आणि भागीदार नफ्याबरोबर तोट्यालाही बांधलेला असतो, म्हणून मामाचे राज्य सावकाराकडे गहाण निघाले. मामा राजा राहिला, मोहरा व्याजात गेल्या.

ही परदेशी थेरे आपल्या मातीत रुजणार नाहीत, असे म्हणणाऱ्यांनी एकदा ताळमद्दळे ऐकावे. तिथे वेषभूषा नाही, नाच नाही. भागवत पदे गातो आणि बसलेले अर्थधारी ऐनवेळी सुचेल तसा वाद घालतात. कर्ण शेवटी मरतो, ते बदलत नाही. पण मरण्याआधी कृष्णाला निरुत्तर करून जातो की नाही, ते त्या रात्री कर्ण कोण बोलतो त्यावर. कोकणातल्या दशावतारातही संवाद लिहून दिलेले नसतात. आम्ही तर कर्णाला वाचवायचीही मुभा ठेवली आहे, सर्वांची संमती असेल तर.

बुडालेल्या देवळाशी आमच्या दोन नावा लागल्या आहेत. दार अजून उघडलेले नाही. आत काय आहे हे गेम मास्टरलाही ठाऊक नाही. ते सांगायचा हक्क हुक्केरीच्या मुलाचा, आणि परीक्षा संपेपर्यंत आपण तोंड उघडणार नाही, असे त्याने दोन्ही भाषांत जाहीर केले आहे.