चिठ्ठीने ठरविलेली सहल

हिवाळ्यातील आपली सहल बहुधा मांडू किंवा महेश्वरला जाते. गेल्या जानेवारीत आम्ही चार डॉक्टरांनी २२ अक्षांश व ७५ रेखांश यांपुढील मिनिटे चिठ्ठ्या टाकून ठरविली आणि नकाशावर निघालेल्या बिंदूकडे इंदूरहून प्रस्थान ठेवले. सडक संपली, पुढे हरभऱ्याच्या बांधावरून दोन किलोमीटर पायपीट. बिंदूवर पाहण्याजोगे काहीच नव्हते. शेजारच्या झोपडीत मात्र सव्वा वर्षाची एक मुलगी होती. नवव्या महिन्यातील गोवर-रुबेलाची लस तिला मिळालेली नव्हती. "सडकेपर्यंत गेले की दिवसाची मजुरी बुडते," आई म्हणाली.

लसीकरणाच्या पाहणीत ३० समूह व प्रत्येकी ७ बालके ही पद्धत आपण सर्व शिकलो. समूह चिठ्ठीने निवडायचे, कारण पाहणाऱ्याच्या सोयीने निवडले तर सडकेकाठचीच बालके मोजली जातात. आपल्या दवाखान्यांत तरी दुसरे काय घडते? जे येऊ शकतात, तेच आपल्याला दिसतात. आणि तेवढ्यावरून आपण समाजाच्या प्रकृतीचे निदान करतो.

म्हणून माझे आग्रहाचे मत आहे, की मंडळाची वर्षातील एक सहल चिठ्ठीनेच ठरावी. मांडू कोठे जात नाही. ती मुलगी मात्र वाढत आहे.