परदेशी बरणीतले मीठ

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या आठवड्यात आमच्या देवगाव रंगारीच्या दवाखान्यात एक ओळखीचे जोडपे आले. आजोबांचे वय ७४, हृदय अशक्त, लघवी होण्याची गोळी रोजची. पायावर बोट दाबले की खळगा पडत होता आणि दोन रात्री त्यांनी भिंतीला टेकून, बसूनच काढल्या होत्या. दिवाळीत पापड-लोणचे झाले का, असे मी विचारले. ते म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही बंद केल्यापासून शिवलेलं नाही. वरून मिठाचा कणही घेतला नाही." आजींनी मान डोलावली. दोघेही खरे बोलत होते.

उलगडा सुनेने केला. पुण्यात नोकरी करणारी नात चार दिवस आली होती. तिला मेक्सिकन जेवणाची आवड, म्हणून फोनवर यादी आली आणि मुलाने छत्रपती संभाजीनगरला जाऊन सारे आणले: मिठाच्या पाण्यातल्या हालापेन्यो मिरच्यांची बरणी, टोमॅटोच्या साल्साची बाटली, शिजवलेल्या राजम्याचे डबे, तयार टॉर्टिया. आजोबांना ते मानवले, कारण सगळे मऊ होते आणि दात नसतानाही खाता येत होते. नात गेल्यावर उरलेले आठ दिवस ताटात येत राहिले. मी पापड-लोणचे बंद केले होते, पण बरण्या-डब्यांचे नाव कधी काढले नव्हते. ती चूक माझी.

सुदैवाने औषधाची मात्रा वाढवल्यावर सूज उतरली. अशा वेळी पुष्कळांना शहरातील अतिदक्षता विभागात न्यावे लागते. ज्यांच्या घरी हृदयाचा रुग्ण आहे त्यांनी रोज सकाळी लघवीनंतर वजन करावे. तीन दिवसांत दोन किलोने वाढले, तर दम लागण्याची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे.

आता खरेदीविषयी. मुंबईला महात्मा फुले मंडईत, म्हणजे जुन्या क्रॉफर्ड मार्केटात, परदेशी जिन्नसांची दुकाने पूर्वीपासून आहेत. आता लहान शहरांतल्या मोठ्या दुकानांतही तसे कप्पे दिसतात. तेथे गेल्यावर डब्याची मागची बाजू आधी वाचा. त्यावर मीठ असा शब्द बहुधा नसतो, 'सोडियम' असतो. दर ४०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे एक ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना निरोगी प्रौढालाही दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवते. मिठाच्या पाण्यातल्या मिरच्यांमध्ये शंभर ग्रॅममागे सोडियमचा आकडा हजाराच्या आसपास किंवा पुढेही असतो. एक सावधगिरी बाळगा: काही कंपन्या आकडा 'एका वाढणीमागे' देतात आणि ती वाढणी दोन चमच्यांची असते. आपले आजोबा दोन चमच्यांवर थांबत नाहीत. अक्षरे बारीक असतात, म्हणून चष्मा सोबत न्या, नाहीतर दुकानातल्या मुलाला वाचायला सांगा. त्यात लाजण्यासारखे काही नाही.

डबाबंद राजमा घेतलाच, तर पाणी ओतून देऊन दाणे नळाखाली धुवा. बरेचसे मीठ निघून जाते. पण मुळात तो डबा घ्यावाच का? मेक्सिकोतले काळे आणि ठिपक्यांचे 'पिंटो' दाणे, आपला राजमा आणि साताऱ्याच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा हे सारे एकाच जातीच्या वनस्पतीचे आहेत. रात्रभर भिजवा, ते पाणी टाकून द्या आणि नव्या पाण्यात कुकरमध्ये मऊ होईपर्यंत शिजवा. अर्धवट शिजलेल्या राजम्यातील विषारी घटकाने उलट्या-जुलाब होतात आणि वृद्धांना ते फार जड जातात.

मक्याच्या पिठाबाबत मात्र घोटाळा ठरलेला. दुकानात 'कॉर्नफ्लोअर' मागितले की हाती पांढरे खळीचे पीठ येते. ते निव्वळ पिष्ट असते. त्याच्या टॉर्टिया होत नाहीत आणि मधुमेह्याला त्याचा उपयोगही नाही. टॉर्टियासाठी मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून मग वाटतात. त्याने पीठ चिकट होते आणि मक्यात अडकलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळते. युरोपने मका नेला, पण चुना मागेच राहिला. पुढे मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा हा त्वचेचा, पोटाचा आणि बुद्धीचा रोग पसरला. आपल्या दख्खनमध्ये ज्वारीवरच गुजराण करणाऱ्यांतही तो आढळे. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास त्याचा अभ्यास केला होता. भाकरीसोबत डाळ, दूध, शेंगदाणे का हवेत, याचे एक उत्तर तेथे आहे. मात्र पानाचा चुना अंदाजाने मक्यात घालण्याचा प्रयोग घरी करू नका. आमच्या कन्नड तालुक्यात मका उदंड पिकतो. गिरणीतून बारीक दळून आणलेल्या पिठाची मऊ भाकरी नातवंडांच्या टॉर्टियाची जागा सहज घेते.

यादीत बहुधा 'चिया' असतेच. तो सब्जा नव्हे. रोप वेगळे, पण पाण्यात फुगण्याचा गुण तोच. २०१४ साली अमेरिकेत एकाने कोरडी चिया चमचाभर गिळून वर पाणी प्यायले. ती अन्ननलिकेत फुगून अडकली आणि दुर्बिणीने काढावी लागली. ज्यांना गिळताना ठसका लागतो त्यांना कोरडी चिया किंवा कोरडा सब्जा कधीही देऊ नये. पूर्ण भिजवलेली चियाही त्यांना डॉक्टरांना विचारूनच द्यावी. अॅव्होकॅडो फळ चांगले आहे, पण त्यात केळ्याहून अधिक पोटॅशियम असते. मूत्रपिंडाच्या रुग्णाने आधी विचारावे.

यंदा नात पुन्हा येणार, तेव्हा आजी यादी घेऊन आधी माझ्याकडे आल्या. आम्ही दोघांनी ती पेनाने खोडून काढली. बाटलीतला साल्सा गेला. त्याऐवजी तव्यावर भाजलेले टोमॅटो, कांदा, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर जिरे ठरले. आजोबांचा वाटा मीठ घालण्याआधी काढून ठेवायचा. मिरच्यांची बरणी नातीसाठी तशीच ठेवली, फक्त ती आजोबांच्या हाताला लागणार नाही अशा फळीवर ठेवायची, असे आजींनी स्वतःच सुचवले. "त्यांना ठाऊक आहे हो फळी कुठली," असे सून हळूच म्हणाली.