विश्लेषण : बाटलीबंद उत्पादनाच्या लाइनवर हात का सापडतात?

उन्हाळा तोंडावर आला की शीतपेये, बिअर आणि बाटलीबंद पाण्याच्या कारखान्यांत पाळ्या वाढतात, ठेकेदाराकडून नवे कामगार येतात. या दिवसांत लाइन थांबणे कोणालाच नको असते. धोका नेमका तिथेच सुरू होतो.

धोका कुठे असतो?

काच फुटून उडते, फरशी ओली राहते, श्रिंक टनेलचा चटका बसतो, काचेच्या बाटल्यांच्या खडखडाटाने ऐकू येणे कमी होते. पण बोटे जातात ती मुख्यतः कॅपर, लेबलर आणि कन्व्हेयरच्या फिरत्या भागांत. लाइन सुरळीत असताना आत हात घालण्याची गरजच नसते. बाटली आडवी पडते, झाकण अडकते, मागे बाटल्यांची रांग तुंबते आणि कामगार ‘दोन सेकंदांचे काम’ म्हणून हात घालतो.

लाल बटण दाबले की पुरेसे नाही का?

नाही. आपत्कालीन बटणाने हालचाल थांबते. यंत्राचा वीजपुरवठा तुटतोच असे नाही. पॅनेलवरचा दुसरा कामगार ते पुन्हा सुरू करू शकतो. शिवाय सिलिंडरमध्ये दाबाखालची हवा उरलेली असते. अडकलेली बाटली निघताच तो झटक्याने पुढे सरकतो. म्हणून मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप लावणे, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवणे, हवेचा दाब सोडणे आणि यंत्र खरोखर सुरू होत नाही याची खात्री करणे, ही ‘लॉकआउट’ पद्धत आवश्यक ठरते.

गार्ड असूनही अपघात कसे?

गार्डचे दार उघडताच यंत्र थांबवणारा इंटरलॉक असतो. वारंवार थांबणे नको म्हणून चिकटपट्टी किंवा चुंबक लावून त्याला चकवले जाते. हे पर्यवेक्षकाला दिसत नाही असे मानणे भाबडेपणाचे आहे.

कायदा काय सांगतो?

कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ नुसार धोकादायक भागांना भक्कम आडोसा हवा आणि यंत्र चालू असताना तो जागेवर हवा. वायुयुक्त पेये भरणाऱ्या कामगारांना चेहरा, मान व गळ्यासाठी संरक्षक आणि दोन्ही हातांना लांब मोजे देण्याची तरतूद नियमांत आहे. या अधिनियमाची जागा घेणारी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. मूळ कायद्यात विजेवर चालणारा, १० कामगारांचा उद्योग ‘कारखाना’ ठरे. संहितेत ही मर्यादा २० आहे. पाणी भरणाऱ्या छोट्या उद्योगांत यंत्रे तीच आणि बोटेही तीच, पण देखरेख पातळ होण्याची भीती आहे.

उपाय काय?

अपघातानंतर ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ अशी नोंद करणे सोपे असते. परंतु पाळीअखेर केवळ किती पेट्या भरल्या हेच विचारले जात असेल, तर हात आत घालण्याचा आदेश न बोलता दिलेला असतो. लाइन थांबवणाऱ्याला जाब न विचारणे, लॉकआउटचा वेळ उद्दिष्टातच धरणे, बाटली वारंवार का अडकते याचा शोध घेणे आणि ठेकेदाराच्या कामगाराला पहिल्याच दिवशी त्याच्या भाषेत प्रशिक्षण देणे, हे खर्चिक नाही. थांबलेली लाइन अर्ध्या तासात पुन्हा सुरू होते. तुटलेले बोट परत येत नाही.